कातेल्लो स्ताराचेचा स्वयंपाकाचा वर्ग

कातेल्लो स्ताराचेला चिडायला एरवीही फार कारण लागत नसे. पण त्या फेब्रुवारीत मिळालेलं कारण खणखणीत होतं. तोर्रे आनुन्झियाताच्या बंदराला लागून जहाजदुरुस्तीचं एक यार्ड होतं. तिथे त्याने तेहतीस वर्षं वेल्डिंग केलं. एका सोमवारी सकाळी सात वाजता तो फाटकाशी पोचला, तर फाटकाला नवी साखळी, नवं कुलूप आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधलेला एक कागद. यार्ड कायमचं बंद झालं आहे, इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार.

"आभार?" कातेल्लो ओरडला. "आभार मानतोय भडवा!"

"कागद फाडू नकोस," लिबेरातो म्हणाला. लिबेरातो क्रेन चालवायचा आणि वीस वर्षं कातेल्लोला आवरायचंही काम करायचा. "वकिलाला दाखवायला लागेल."

कातेल्लोने कागद फाडला. पिशवीसुद्धा फाडली.

त्याची बायको एर्सिलिया रडत बसणाऱ्यांतली नव्हती. आठवड्याच्या आत तिने सोर्रेन्तोच्या एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम धरलं. उजाडायच्या आत निघायची, तीनच्या सुमारास परत यायची. आणि कातेल्लो दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने त्या घरात गॅस पेटवला होता तो फक्त सिगारेटीसाठी.

चौथ्या दिवशी एर्सिलिया आली आणि दारातच थांबली. हात चुन्यासारखे पांढरे पडलेले.

"जेवलास?"

"पाव खाल्ला."

"आणि मी काय खायचं? तुझ्या शिव्या?"

"मला काय येतंय त्यातलं?"

"पन्नास टनांचं जहाज सांधता येतं आणि पाणी उकळता येत नाही?" तिने कोटसुद्धा काढला नाही. पातेलं नळाखाली धरलं. "ऊठ. इथे उभा राहा. एकदाच दाखवीन."

तिने दाखवलं ते साधं होतं. पाण्याला खळखळून उकळी, मग मूठभर मीठ, मग स्पगेटी. शेजारी कढईत गार तेल, गार तेलातच लसूण, मंद आच, वर एक सुकी मिरची. "लसूण पिवळा झाला की बंद. तपकिरी झाला की गेला." डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच स्पगेटी उचलायची, ते पिठाळ पाणी भांडंभर राखायचं, आणि सगळं कढईत एकत्र करून हलवायचं, तेल-पाणी मिळून दाटसर होईपर्यंत. दहा मिनिटांत ताटली समोर.

दुसऱ्या दिवशी त्याने केलं तेव्हा लसणाचा कोळसा झाला. त्याने कढई मोरीत आपटली. एर्सिलियाने आल्यावर कढईकडे पाहिलं, काळ्या लसणाकडे पाहिलं, गॅसच्या बटणाकडे पाहिलं. "एवढी आच कशाला? वेल्डिंग करत होतास?"

तो उत्तरादाखल काहीतरी फार वाईट बोलला. ती हसली नाही. तिने चार पाकळ्या सोलून पुढे ठेवल्या आणि पाय वर घेऊन बसली.

ईस्टरपर्यंत कातेल्लोचा हात बसला. राग काही गेला नव्हता. उलट स्वयंपाक करताना त्याला बोलायला निवांत वेळ मिळायचा. शिळा पाव किसताना तो मालकाला शिव्या द्यायचा, तो चुरा तेलात परतून खारवलेल्या मासळीबरोबर स्पगेटीवर टाकताना मालकाच्या जावयाला. बटाटे घालून दाट पास्ता करायचा त्या दिवशी डब्यांच्या तळाशी उरलेले सगळे तुकडे, आखूड-लांब, एकाच पातेल्यात जायचे, चीजची वाळकी सालही जायची, आणि त्यात चमचा उभा राहिला पाहिजे म्हणून तो दर मिनिटाला चमचा उभा करून बघायचा. उरलं तर उद्या अंड्यात घालून तव्यावर. एर्सिलिया खायची आणि म्हणायची, "मीठ." कधी जास्त म्हणून, कधी कमी म्हणून. त्यापलीकडे शब्द नाही. यावरही तो चिडायचा.

मे महिन्यात पत्र आलं.

यार्डातल्या माणसांना सरकारकडून जो भत्ता मिळत होता, त्याला अट होती: एका संस्थेमार्फत नवं शिक्षण घ्यायचं. कातेल्लो, लिबेरातो आणि बाकीच्यांनी पहिल्याच महिन्यात त्या संस्थेला लिहून दिलं होतं की आम्हाला वेल्डिंगचं नवं प्रमाणपत्र मिळवून द्या. हातात कसब होतं, पण कागद जुने होते, आणि हल्ली कुठलंच यार्ड जुने कागद बघत नव्हतं. तीनदा लिहिलं. तीनदा उत्तर आलं की त्यासाठी तरतूद नाही. आणि आता हे पत्र: 'झटपट, स्वस्त आणि सोपा पास्ता, घरच्या घरी. अडचणीतल्या कुटुंबांसाठी सहा दिवसांचा वर्ग. हजेरी सक्तीची. गैरहजर राहणाऱ्याचा भत्ता थांबवण्यात येईल.'

कातेल्लोने पत्र दोनदा वाचलं. या गावात त्याचा आजा पास्त्याच्या कारखान्यात होता. भर रस्त्यात बांबूंवर मॅकरोनी वाळत घालायचा, समुद्राचा वारा आणि डोंगराचा वारा कधी बदलतो ते नाकाने सांगायचा.

"जाऊ आणि सही करू," लिबेरातो म्हणाला. "सहा दिवस झोपा काढू. तोंड उघडू नकोस, कातेल्लो, तुझ्या पाया पडतो."

वर्ग चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होता. दहा माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शिकवायला थेट उत्तरेतल्या बेर्गामोहून आलेली एक तिशीची बाई होती, बेनेदेत्ता तिचं नाव. पांढराशुभ्र एप्रन, भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र, टेबलावर विजेची शेगडी.

पहिलं चित्र उमटलं. त्यावर लिहिलं होतं: पास्ता म्हणजे काय?

मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. लिबेरातोने कातेल्लोच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कमी पैशांतही चविष्ट खाता येतं," बेनेदेत्ता कागदाकडे बघत म्हणाली. "बायका कामाला जात असतील तर तुमचीही त्यांना मदत होईल." तिने पातेल्यात पाणी घातलं. पाण्यात तेल सोडलं. मग स्पगेटीची मूठ घेतली, ती पातेल्यात मावेना म्हणून कडाकड मधोमध मोडली. दहाही माणसांनी आपलंच हाड मोडल्यासारखे डोळे मिटले.

"आज आपण लसूण-तेलाचा प्रकार करू. झटपट व्हावा म्हणून लसणाची तयार पूड वापरू, आणि चव यावी म्हणून शेवटी थोडं क्रीम."

कातेल्लो उठला. खुर्ची त्याच्याबरोबर उठली, कारण ती त्याला चिकटून बसली होती. ती त्याने उपटून फेकली.

"बाईसाहेब, बंद करा ते."

"काही शंका आहे का?"

"शंका? आमचं यार्ड बंद केलं. आम्ही म्हणालो, वेल्डिंगचा कागद द्या, आम्ही आमचं पोट भरू. तर म्हणे पैसे नाहीत. आणि या यंत्राला पैसे आहेत? या शेगडीला आहेत? बेर्गामोहून माणूस आणायला आहेत? कशाला, तर आम्ही कमी पैशांत कसं खावं ते शिकवायला! आमच्या आया कमी पैशांतच खाऊ घालत होत्या, बाई. तुमच्या संस्थेच्या जन्माआधीपासून! आम्हाला गरिबी शिकवायला निघालात?"

"कातेल्लो," लिबेरातो म्हणाला.

"तू गप!" त्याने बाह्या सारल्या. बाईच्या सामानात टोमॅटो होते, पार्सली होती, खरा लसूणही होता, बहुधा सजावटीला. त्याने मोडकी स्पगेटी पाण्यासकट मोरीत ओतली, नवं पाणी चढवलं, उकळताच त्यात अख्खी स्पगेटी सोडली. लसूण गार तेलात. टोमॅटो हाताने फोडून कढईत, रस बाईच्या एप्रनवर उडाला तरी तो थांबला नाही. तोंडाचा पट्टा चालूच होता: मालकाने नवी नौका घेतली ती कोणाच्या घामावर, साखळीला पैसे मिळाले पण एक माणूस पाठवून तोंडाने सांगायला नाही मिळाले, तेहतीस वर्षं, तेहतीस वर्षं! शेवटी त्याने पार्सली मुठीने वर टाकली आणि ताटली बाईपुढे आदळली.

"याला म्हणतात पळून गेलेल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची स्पगेटी. तिसऱ्यांची चव आणायची, तिसऱ्या विकत घेता येत नाहीत म्हणून. ही आमच्याकडे शेंबडी पोरं करतात. खा. आणि तुमच्या वहीत लिहा, कातेल्लो स्ताराचेला हे येतं."

बेनेदेत्ताचा चेहरा लाल झाला होता. पण तिने काटा उचलला, दोन घास खाल्ले. मग हळूच म्हणाली, "माझा करार सहा आठवड्यांचा आहे. मी शाळेत गणित शिकवायचे. जागा गेली. त्यांनी हे कागद दिले आणि म्हणाले, वाचून दाखव."

कातेल्लोने शेगडी बंद केली. आता हिच्यावरही ओरडायची सोय उरली नाही. त्या क्षणी त्याला जेवढा संताप आला तेवढा फाटकाशी कागद वाचतानाही आला नव्हता. सही न करता तो निघाला. मागून सहाजण निघाले. शेवटचा लिबेरातो होता, तोही कपाळावर हात मारत.

दहा दिवसांनी भत्ता थांबला.

एर्सिलियाने पत्र वाचलं आणि टेबलावर इतक्या जोरात आपटलं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. "लसणापायी भत्ता घालवलास? मी तिथे दुसऱ्यांच्या चादरी धुते, हाताची सालं निघतात, आणि हा शहाणा ताटल्या आदळतोय!"

"ऐकून तर घे."

"नाही ऐकत!"

"तिने स्पगेटी मोडली."

"मोडू दे! तुझ्या डोक्यावर मोडली असती तर बरं झालं असतं!"

"लसूण-तेलात क्रीम घालत होती. आणि वर म्हणाली, बायकांना मदत होईल."

एर्सिलिया थांबली. तिने आपटलेलं पत्र उचलून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "वेल्डिंगचं तीनदा लिहून दिलं होतंत ना? त्या अर्जांच्या नकला कुठे आहेत?"

त्याला माहीत नव्हतं. लिबेरातोकडे होत्या; लिबेरातो कागद फाडत नसे.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून एर्सिलिया संस्थेच्या संचालकाच्या दारात उभी राहिली, धुलाईखान्याच्या निळ्या कपड्यांत, बरोबर आणखी पाचजणांच्या बायका. संचालक अतानाझिओ म्हणाले, वेळ घेऊन या. ती म्हणाली, "वेळ तुमच्याकडे आहे, सहा दिवस पास्ता शिकवण्याइतका." आत काय झालं ते कातेल्लोला नीट कधीच कळलं नाही. बायका वेगवेगळं सांगत. एवढं खरं की टेबलावर तिन्ही अर्ज होते, आणि त्यांच्या शेजारी बेनेदेत्ताचा अहवाल होता. त्यात तिने लिहिलं होतं की या माणसांना मी शिकवण्यासारखं काही नाही, त्यांना वेल्डिंगचा वर्ग हवा आहे आणि तो द्यावा. तो अहवाल दिल्यावर तिचा करार पुढे वाढवला गेला नाही.

भत्ता परत सुरू झाला. मधल्या काळाचा बुडाला तो बुडालाच. ऑक्टोबरात वेल्डिंगचा वर्ग भरला. कातेल्लो पहिल्या झटक्यात पास झाला. परीक्षक त्याचा सांधा बोटाने चाचपत राहिला, कुठे जोडलंय तेच कळेना. पण उत्तरेतल्या यार्डांनी तिघांना बोलावलं ते चाळिशी न ओलांडलेले, दुसऱ्या तुकडीतले. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतं. एर्सिलियाने ते लावू दिलं नाही. "अजून अर्ज करायचेत, दे इकडे," म्हणाली आणि कपाटात ठेवलं.

आता तो आठवड्यातले तीन दिवस मच्छीमारांच्या बोटींचं काम करतो. बाकीचे दिवस दुपारचं जेवण त्याच्याकडे. यार्डाची जागा श्रीमंतांच्या नौकांना दिली आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथला एक गोरटेला माणूस बंदरावर त्याला शोधत आला. कठडा तुटलाय म्हणाला, आणि कोणीतरी सांगितलं की तुमच्यासारखा वेल्डर या किनाऱ्यावर नाही. कातेल्लोने त्याला आधी पंधरा मिनिटं मालकाबद्दल, संस्थेबद्दल, साखळीबद्दल ऐकवलं. त्या माणसाला इटालियन येत होतं ते पाठ केलेल्या त्या दोन वाक्यांपुरतंच. तो मान डोलवत राहिला. मग कातेल्लोने मुखवटा डोळ्यांवर ओढला आणि कठडा जोडून दिला. चांगला जोडला. वाईट जोडता आला असता तर बरं वाटलं असतं, असं तो घरी येऊन एर्सिलियाला म्हणाला.

"हात धू," ती म्हणाली. "आणि पाणी ठेव. मला भूक लागलीय."