धावल्यानंतरचं बोलणं

व्यसनमुक्ती केंद्राच्या मैदानावर दर रविवारी सकाळी घरून येऊन आम्ही सगळे पुरुष आधी धावायचो आणि मग धापा टाकत कडुलिंबाखाली गोल करून बसायचो. समुपदेशक मॅडम म्हणायच्या, "दम लागलेल्या माणसात खोटं बोलायची ताकद उरत नाही."

एकदा त्यांनी विचारलं, "घरी, पत्नीबरोबर कसं आहे?" साखर, सुटलेलं पोट, यकृतावरची चरबी यांवर आम्ही चहा पिता पिता गप्पा मारायचो. या प्रश्नावर मात्र कुणाला खोकलाही येईना. माझ्या शेजारी बसलेला वसंता, दणकट ट्रकचालक, नुसता गवत उपटत होता. मूठ भरली तरी थांबेना.

शेवटी गवताकडेच बघत तो म्हणाला, "मॅडम, दारूनं माझ्यातला पुरुष गेलाय. बायको जवळ आली की मी झोपेचं सोंग घेतो."

आता कुणीतरी हसेल, या भीतीनं मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. किती घरांत अशी सोंगं जागी असतील! शरीर धावून हळूहळू सावरतं, पण लाज काही घामावाटे जात नाही.

"हे तिला सांगितलंत?" मॅडमनी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात तो मैदानावर आला, पण धावला नाही. माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"सांगितलं तिला," तो म्हणाला. "खूप रडली रे. म्हणाली, मला वाटायचं, मीच तुम्हाला नकोशी झाले."