धाकटीला मिळालेली जागा

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या त्या संस्थेसाठी थोरलीने एकोणीस वर्षं लोकांचे जिने झिजवले होते. तिची धाकटी जाऊ तिथे लागली तीही तिच्याच शब्दावर. आणि संस्था कशी चालवायची हे शिकवणाऱ्या वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी संचालकबाईंनी नाव सुचवलं ते धाकटीचं!

"तुम्हाला पाठवलं तर रोजचं काम कोण बघणार?" बाई थोरलीला म्हणाल्या.

थोरलीने तोंडभर कौतुक केलं आणि घरी येऊन भांडी आपटली. धाकटी अभ्यासाला बसली की सासूबाई रेडिओ बंद करायच्या. "माझ्या बाळंतपणात कधी बंद झाला नव्हता," थोरली नवऱ्याला म्हणाली. नवरा पेपरातून नुसतं "हं" म्हणाला. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने धाकटीचं पुस्तक चाळलं. स्वयंसेवक कसे टिकवावेत, कामं कशी वाटून द्यावीत, सगळं तिला आधीच ठाऊक होतं. तेच जास्त झोंबलं.

पुढे धाकटीने भेटींचं नवं वेळापत्रक केलं. "जाऊबाई, काही राहिलंय का बघा ना."

मंगळवारी निवृत्त पोस्टमास्तरांकडे नवीन स्वयंसेविका जाणार होती. मास्तरांना उठून दार उघडता येत नाही, किल्ली खालच्या शिंप्याकडे असते, हे फक्त थोरलीला माहीत होतं. ती म्हणाली, "छान झालंय."

मंगळवारी ती मुलगी घंटी वाजवून वाजवून परत गेली. मास्तर दुपारपर्यंत ओल्या चादरीवर पडून होते. दुपारच्या बैठकीत हे कळल्यावर धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "चूक माझीच." थोरलीला क्षणभर बरं वाटलं. मग मास्तरांना स्वच्छ करायला तीच गेली.

"मला वाटलं, तू मला सोडलंस," मास्तर म्हणाले.

तिला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तिने धाकटीला सांगून टाकलं. "किल्लीचं मला माहीत होतं. मुद्दाम बोलले नाही."

"माझ्यावर जळलात, ते समजू शकते," धाकटी म्हणाली. "पण मास्तरांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

आठवडाभर दोघींत अबोला होता. थोरलीने बाईंनाही सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली ती तिने मुकाट्याने घेतली, पण निघताना दारात थबकून म्हणाली, "एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलंसुद्धा नाही, तुला शिकायचंय का म्हणून."

बाईंनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. दोन वर्षांनी, चोपन्नाव्या वर्षी, थोरली त्याच अभ्यासक्रमाला बसली आणि पास झाली. धाकटीपेक्षा चार गुणांनी कमी. ते चार गुण तिला अजून सलतात.

आता धाकटी संचालक आहे आणि नव्या माणसांना तयार करण्याचं काम थोरलीकडे. परवा एका सभेत धाकटीला मंचावर बोलावलं, तेव्हा थोरली तिच्या कानाशी लागली, "आधीच सांगून ठेवते, मला आज तुझा भयंकर हेवा वाटतोय."

"मग चला, अर्धं भाषण तुम्ही करा," म्हणत धाकटीने तिचा हात धरून ओढला.