आईच्या लसणाला मूळ फुटेना

लसणाचा वाण मरतो, हे तुम्हाला माहीत आहे का? बाजारातल्या पोत्यांचं सोडा, ती येतच राहतील. आईने लेकीला, सासूने सुनेला देत आणलेल्या एखाद्या घरच्या लसणाची ही गोष्ट आहे. गहू डब्यात भरून ठेवता येतो. लसणाला ती सवलत नाही. एक हंगाम जमिनीत गेला नाही, की हातात उरतात फोलपटं.

चेन्नईच्या पेरुंगुडीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या विद्युलताबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, आणि तोच घोर त्यांच्या जिवाला लागला होता. जुन्नरकडच्या माहेरी त्यांची आई दरसाल लसणाचे वाफे लावायची. बारीक पाकळ्यांचा, सालीवर जांभळी झाक असलेला लसूण. सोलताना नखं दुखवणारा, आणि ठेचला की शेजारघरी कळणारा. मागच्या उन्हाळ्यात आई गेली. भावाने, आशिषने, वाफे मोडून तिथे शेततळं खणलं. वर फोनवर म्हणाला, "ताई, किलोने मिळतो गं लसूण. कशाला जीव काढतेस?" बाईंनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याने तळं काही बुजलं नाही. आईच्या माळ्यावरून पदरात बांधून आणलेले गड्डे, एवढाच काय तो वाण जगात उरला होता.

बाई भांडून मिळवणाऱ्यातल्या. नवऱ्याच्या, मकरंदरावांच्या, केंद्र सरकारी नोकरीपायी चेन्नईला आल्या तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं. शिकल्या त्या टँकरवाल्याशी, मच्छीवालीशी, कंडक्टरशी हुज्जत घालून. आजही त्यांना तमिळमध्ये गोड बोलता येत नाही, खडसावता मात्र झकास येतं. गच्चीवर कुंड्या नकोत म्हणणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी जिन्यातच गाठलं. संध्याकाळी कुंड्या वर गेल्या, त्याही सेक्रेटरीनेच उघडून दिलेल्या लिफ्टमधून.

दिवाळी सरली तशा बाई कुंड्यांशी बसल्या. आई असंच करायची. पणत्या आवरल्या की वाफा ओला करून पाकळ्या टोचायच्या. बुड खाली, टोक वर, साल तशीच. सगळं बरोबर केलं, फक्त शहर चुकलं. जुन्नरला दिवाळीत आभाळ मोकळं असतं. चेन्नईत पाऊस नेमका तेव्हाच उतरतो. इतकी वर्षं बाई त्या दिवसांत छत्रीशिवाय घराबाहेर पडल्या नव्हत्या. पण मातीत हात गेले आणि हातांना आईचंच पंचांग आठवलं.

कोंब दिसेना. बाईंनी बोटाने उकरून पाहिलं. पाकळी वर आली ती मऊ, बुडाशी तपकिरी, आंबूस वासाची. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. मूळ एकीलाही नाही.

तळमजल्यावरच्या कृष्णवेणीअम्मा वाळत घातलेले कपडे न्यायला वर आल्या होत्या. तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या, पण लसूण उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्या.

"अगो, ऐप्पसी महिन्याच्या पावसांत कोणी हें लावितें काय?"

"आमच्याकडे याच दिवसांत लावतात, अम्मा."

"तुमचेकडे! लसणास कोडैकानलची थंडी पाहिजे. तूं त्यास पेरुंगुडी दाखविलीस!"

"तुम्ही तोंडाला लावत नाही, मग लसणातलं एवढं कसं कळतं?"

"खात नाहीं म्हणूनच वास लांबून कळतो गो."

दोघी हसल्या. अम्मा कपडे घेऊन खाली गेल्या आणि बाई त्या नासक्या पाकळ्यांसमोर बसून राहिल्या. थंडीशी कसं भांडायचं?

मग त्यांनी मातीत रेती मिसळली, कुंड्या पत्र्याच्या आडोशाला नेल्या, पाणी बेताने घातलं. या खेपेला पाकळ्या नासल्या नाहीत, पण उगवल्याही नाहीत. जशा लावल्या तशा टणक, झोपलेल्या. बाई रोज एखादी उपटून बघायच्या.

"अगं, मूळ फुटायचं असलं तरी तुला बघून लाजेल," मकरंदराव म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा."

शेवटी कुणीतरी फ्रिजचा तोडगा सांगितला. कागदात गुंडाळून पाकळ्या भाजीच्या कप्प्यात गेल्या. बरेच दिवस काहीच नाही. आणि एका सकाळी एकीच्या बुडाला पांढरा ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. बाई ती पाकळी तळहातावर घेऊन अख्ख्या मजल्यावर फिरल्या. पावसाने उघडीप दिली की लावायच्या, असं ठरलं.

उघडीप आली नाही, वादळ आलं. रस्त्यात कमरेएवढं पाणी, वीज गेलेली. फ्रिजला पाझर फुटला. बाई पुन्हापुन्हा फडक्याने कप्पा पुसत राहिल्या. वीज आली तेव्हा कागद काळा पडला होता आणि आत लगदा झाला होता. सवयीने त्यांनी फोन उचलला, कुणाला तरी झापायला. नंबर कुणाचा लावावा ते सुचेना. फोन तसाच खाली ठेवला.

आता एकच गड्डा उरलाय. इथे लावला तर जाईल. ठेवला तर वाळेल. भावाकडे धाडला तर फोडणीत पडेल. विद्युलताबाई तो उचलून बघतात, परत टोपलीत ठेवतात.

तेव्हा तुम्हालाच विचारणं आहे. तुमच्याकडे बोचरी थंडी पडते का? अंगणात, बांधाला वीतभर जागा आहे का? किलोचा भाव नका सांगू आणि समजूतही नका घालू. जागा द्या. बाई स्वतः गाडीत बसून गड्डा घेऊन येतील. फक्त लवकर कळवा. पाकळ्या हाताला हलक्या लागायला लागल्यात.