धूळपाटीवरची पाहुणी

तिला जाऊन आता दीड महिना होत आला. सुतक फिटलं, आलेगेले आपापल्या गावी परतले, आणि बुधवार पेठेतल्या या घरात मी आणि माझी पंचांगं एवढेच उरलो. तेराव्याच्या पंगतीतच कोणीतरी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. जोशांच्या घराला बाईमाणूस हवं म्हणे. मला बाईमाणूस नको, माझी बायको हवी आहे... पण असं बोलून दाखवायची आपल्यात रीत नाही, म्हणून मी हात धुवायला उठलो.

आमच्या लग्नातच मी पहिली चूक केली. रीतीप्रमाणे नवऱ्यानं नवरीला ध्रुव दाखवायचा, मग सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटलेली बारीकशी अरुंधती. ती सगळ्यांना दिसतेच असं नाही, पण 'दिसली' सगळेच म्हणतात. माझी दृष्टी लहानपणापासून अधू; ज्योतिषाच्या घरात जन्मूनही आकाश म्हणजे मला सांडलेलं पीठ. अंदाजानं बोट केलं. शेजारून हळूच आवाज आला, "ती नव्हे. थोडी अलीकडं." भटजींनी ऐकलं नाही, पण माझ्या आईनं ऐकलं, आणि ही पोर घरात टिकायची नाही असं भाकीत करून टाकलं. ती टिकली, इतकंच नाही तर माझे डोळे झाली. श्रीमंत पेशव्यांच्या वाड्यावरचा सांजेचा चौघडा थांबला की आम्ही गच्चीवर जायचो. गणिताची धूळपाटी मांडीवर घेऊन ती वर पाहायची आणि धुळीत तांदळाचे दाणे मांडायची, म्हणजे आकाशात मला दिसत नाही ते मी बोटांनी चाचपावं.

एका मार्गशीर्षात तिनं वृषभेच्या ताऱ्यांमध्ये हळदीची एक अक्षत ठेवली. म्हणाली, ही नवी आहे. मी म्हटलं, डोळ्यांना भास होतात. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. रोज मुकाट्यानं अक्षत ठेवत गेली, आणि अक्षत रोज किंचित सरकत गेली. महिनाअखेर मी गणित मांडलं. तिथं त्या दिवसांत एकही ग्रह नव्हता. चाल मंगळाहून मंद, गुरूहून जलद. जो हळू चालतो तो लांबचा, हे आम्ही शिकलेले. म्हणजे ही त्या दोघांच्या मधली, जिथं आपल्या शास्त्रानं कोणासाठी पाटच मांडलेला नाही. "मग पाहुणी म्हणू या," ती म्हणाली. पाहुणी पुढं फिकी होत दिसेनाशी झाली आणि दोन-तीन वर्षांनी वेगळ्याच राशीत पुन्हा आली. तीच कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणे, चालीवरून. सासूबाई जिन्यावर आल्या तर तोंड पाहून का ओळखायच्या?

तिला एकच हवं होतं. कोणीतरी दुसऱ्यानं एकदा तरी पाहून 'हो, आहे' म्हणावं. मी खोटं म्हणायचं नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं; लग्नातल्यासारखं 'दिसली' नको. म्हणून मी पेठेतल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि विचारलं, "पाहिली कोणी?" मी म्हटलं, घरातून. "मग घरातच राहू द्या," ते म्हणाले. मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली, पण त्या संध्याकाळी गच्चीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मला दिसत नाही. पण आहे." माझ्यापाशी देण्यासारखं एवढंच होतं, आणि तेवढ्यावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली. किती एकटी असेल ती त्या चांदणीपाशी, हे मला आत्ता कळतं आहे.

फाल्गुनात तिचा ताप हटेना. एका संध्याकाळी हट्ट धरून गच्चीवर आली, भिंतीला टेकली आणि बराच वेळ उत्तरेकडे पाहून म्हणाली, अरुंधती दिसत नाही. जिला ती दिसेनाशी होते तिचे दिवस भरले, असं आपल्याकडे म्हणतात. मी चेष्टेवर नेलं. म्हटलं, मला तर लग्नापासून दिसलेली नाही आणि मी चांगला ठणठणीत आहे.

"इकडच्या वाटचंही मीच बघत होते ना," ती म्हणाली.

माझ्या गणिताप्रमाणे पाहुणी या महिन्यात तुळेत परत यायला हवी. आली असेलच, तिला काय ठाऊक, पुण्यात आता तिची वाट पाहणारा एक अधू म्हातारा तेवढा उरला आहे. चौघडा थांबला की मी धूळपाटी घेऊन गच्चीवर जातो. चटईवर तिची जागा सोडून बसतो. तुळेचे तारे आठवून तांदूळ मांडतो, आणि मग हळदीची अक्षत गणित सांगेल तिथं ठेवून हात काढून घेतो. चुकली असेल... चुकलीच असेल. मी थांबतो. 'थोडी अलीकडं' असं कोणी म्हणत नाही.