गोड पाण्याच्या सहा बाटल्या

आधीच क्षमा मागतो. संशोधनावर लिहायचं ते प्राध्यापकांनी. मी बाटल्या धुणारा आणि वाहणारा विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. पण तुमच्या ग्रँटचं काय झालं, असं वसतिगृहात अजून कुणी ना कुणी विचारतं आणि दर वेळी मी अर्धंच सांगतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर सहा विहिरींच्या पाण्याच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रधानसर पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

“शांतवन, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली नाही ना?”

“नाही सर.”

“पाटाकडची विहीर आणि पार खाली ओढ्याकाठची विहीर. दोन्हींत मीठ सारखंच?”

“हो सर,” मी म्हणालो. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडायला मीच उभा होतो.

पाण्यातलं मीठ मोजायची रीत अशी असते. पाण्यात आधी एक पिवळा रंग घालतात. मग वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. मीठ जास्त असेल तर थेंब जास्त लागतात. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीपासून केलेलं औषध, त्यामुळे ते महाग. सहाही बाटल्यांना थेंब जवळजवळ सारखेच लागले, तेही अगदी थोडे. सहाही बाटल्यांतलं पाणी गोड.

हे औषध ग्रँटमधून आलं होतं. ग्रँट म्हणजे काय, तेही सांगतो, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. आमचं कॉलेज नगरात नवीनच निघालेलं. तरी चालकांनी प्राध्यापकांसाठी एक लहानसा फंड काढला. कुणाला काही शोधून काढायचं असेल, किंवा काही लिहायचं, रचायचं असेल, तर त्याने अर्ज करावा. कमिटी बसते, प्रश्न विचारते आणि पटलं तर पैसे देते. अर्धे आधी, अर्धे काम पाहून. त्या वर्षी दोनच अर्ज मंजूर झाले. एक मराठीच्या प्राध्यापकांचा, त्यांना संगीत नाटक लिहायचं होतं. दुसरा प्रधानसरांचा. नाटकाला कागद आणि पान-सुपारी एवढंच लागतं, आपल्याला चांदी लागते, असं सर थट्टेने म्हणत.

सरांचा विषय होता चोपण. कोपरगावकडे पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. पण काही वर्षांनी सखल रानात जमीन वरून पांढरी पडू लागली. ऊस पिवळा पडून जागीच बसायचा. अशा जमिनीला तिकडे चोपण म्हणतात. पाटाचं पाणी जमिनीत मुरतं, आतलं मीठ विरघळवतं आणि सखल भागात आणून सोडतं, असं सरांचं म्हणणं. तसं असेल तर पाटाकडून खाली जावं तसं विहिरींचं पाणी खारं होत गेलं पाहिजे. आणि इथे सहाही बाटल्या गोड.

ग्रँटमध्ये मदतनिसाची एक जागा होती. महिना ठरलेली रक्कम. सरांनी ती मला दिली. माझे वडील सोनईजवळ दुसऱ्याच्या रानात राबतात. त्या रकमेतून माझी फी आणि मेसचा खर्च निघत होता. ग्रँटचा दुसरा अर्धा भाग मिळाला नाही, तर सरांचं संशोधन थांबणार होतं आणि माझं कॉलेज.

“पुन्हा जा,” सर म्हणाले. “सगळ्या विहिरी पुन्हा. कमिटीपुढे मी हे कसं ठेवू?”

मी रेल्वेने कोपरगावला उतरलो आणि वस्तीकडे चालू लागलो. चालताना पहिली खेप आठवत होतो.

त्या खेपेला वस्तीवरच्या दगडूतात्यांनी बाजेवर बसल्या बसल्याच विचारलं होतं, “कुठलं गाव? कुनाचं पोर तू?”

“सोनईकडचा. ख्रिस्ती.”

“हां, मिशनातला. हुशार दिसतोस. पर गड्या, हिरीवर नगं जाऊ. बायामानसं बोलत्यात. आमची सून भरून दील.”

तात्या रागाने बोलले नव्हते. ख्रिस्ती झालो तरी पाण्याला आमचा विटाळ होतो, आमच्या गावातही हेच आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी लिंबाखाली बसलो. त्यांच्या सूनबाई गंगूबाई टोपली घेऊन गेल्या आणि बाटल्या भरून, पुसून, बुचं घट्ट लावून घेऊन आल्या. वर मला पानावर भाकरी-पिठलं दिलं. मी मनापासून आभार मानले होते.

या खेपेला मी पोचलो तेव्हा गंगूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या.

“काय वो पावनं, पुन्ना? संपलं व्हय पानी?”

“नाही वहिनी. सरांना पुन्हा तपासायचंय.” मग धीर करून म्हणालो, “ओढ्याकाठच्या विहिरीचं थोडं पाणी प्यायला द्याल?”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “त्ये? आवो, त्ये बैलबी तोंडात घेत न्हाईत. लई खारं हाय. तुमाला काय झालं?”

“मागल्या खेपेला बाटलीत भरून दिलंत ते गोड होतं.”

“आसंलच की. त्ये पाटाकडच्या हिरीचं.”

“ओढ्याकाठच्या बाटलीत?”

“समद्यातच. सहाबी तिथलंच भरलं.”

“पण का वहिनी?”

“आवो, तुमचा कालेजातला सायेब तपासनार म्हनला होता ना? मोठा मानूस. त्येच्या तोंडात खारं पानी घालायचं? आमच्या घराची काय आब ऱ्हाईल? तुमाला मी हातानं खारं पानी द्यावं, आन् तुमी ते नगरापत्तुर वाहून न्यावं?” त्या चिडल्याच होत्या. “शेजारनीबी आल्या होत्या संगं. त्याबी म्हनल्या, चांगलंच भर.”

बाजेवरून तात्या खो-खो हसायला लागले. “आगं ए, त्यानला आपला रोग बघायचाय आन् तू धडधाकट मानूस दावलास व्हय!”

“मला काय ठावं? सांगितलं का कुनी?”

कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. बाटल्या भरून द्या, एवढंच मी म्हणालो होतो. ज्या घराने मला विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याच घराने मला सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं. या दोन्ही गोष्टी मी अजून एकत्र बसवू शकलेलो नाही. पण पाणी देताना त्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही.

मी तात्यांना सगळं समजावलं. चोपणाचं ऐकल्यावर ते हसायचे थांबले. त्यांचंही रान ओढ्याकडून पांढरं पडत होतं.

“मग चुकून चालायचं न्हाई,” ते म्हणाले. “तूच काढ.”

“विहिरीवर जाऊन?”

“खाऱ्या हिरीचं पितंय कोन? जा खुशाल. पाटाकडची मातर सून काढंल.”

आमची पाणी काढायची बाटली साधी नव्हती. तळाला शिशाचं वजन, आणि दोन दोऱ्या. जाड दोरीने बाटली खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर थांबवायची आणि मग बारीक दोरीला झटका देऊन बूच उपटायचं. म्हणजे वरचं पाणी न शिरता आतलं पाणी मिळतं. बाकीच्या पाच खाऱ्या विहिरींवर मी स्वतः गेलो. दुसऱ्याच्या रानातल्या विहिरीच्या काठावर मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिलो होतो. आत डोकावलो तेव्हा माझंच तोंड दिसलं. मला हसू आलं. मग दोरी सोडली.

पाटाकडच्या विहिरीवर गंगूबाई उभ्या राहिल्या आणि मी लांब बांधावरून ओरडत होतो.

“वहिनी, अजून दोन हात सोडा!”

“सोडलं!”

“आता बारकी दोरी ओढा. झटक्यात!”

 मग त्या मोठ्याने हसल्या. “आवो, ही तर बोलतीया! गुडगुड गुडगुड!”

बुडबुडे थांबेपर्यंत बाटली हलवू नका, हे मी सांगायच्या आधीच मागून आलेल्या तात्यांनी सांगितलं. त्यांना आता या कामात गोडी वाटू लागली होती.

नगरला आल्यावर पाटाकडच्या पहिल्या बाटलीला थोडे थेंब लागले, दुसरीला जास्त, आणि ओढ्याकाठच्या बाटलीला तर ब्युरेट दोनदा भरावी लागली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग विचारलं, “पण पहिल्या खेपेला झालं काय?”

मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुला विहिरीवर जाऊ देत नाहीत, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

“ठाऊक असायला हवं होतं,” ते म्हणाले.

कमिटीसाठी ते अहवाल लिहायला बसले तेव्हा मी विनवलं, “सर, पहिल्या खेपेचं नका लिहू. मला विहिरीवर जाता येत नाही, हे कळलं तर ते दुसरा मुलगा नेमतील.”

“पाणी कुणी काढलं, कसं काढलं, हे न लिहिता आकडे द्यायचे नसतात, शांतवन. पहिले आकडे लपवले तर दुसऱ्यांवर कुणी का विश्वास ठेवावा?”

त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी त्यांना दौत आणून दिली. पण त्या रात्री मेसचे किती पैसे उरलेत ते मोजलं.

कमिटी बसली तेव्हा चहा घेऊन आत गेलेले शिपाई लक्ष्मणमामा बाहेर आले ते थेट माझ्याकडे.

“कमिटीतलं वकीलसायेब म्हनत्यात, सोपं हाय, सगळ्या हिरीवर चालंल असा पोरगा घ्या. मराठ्याचा नायतर बामनाचा.”

“सर काय म्हणाले?”

“सर उभं ऱ्हायलं. पर माझे कप भरून झाले होते रे. बाहेर यावंच लागलं.”

मामांवर रागावण्यात अर्थ नव्हता. वकीलसाहेबांवरही नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच सुचवलं असतं. निर्णय कळायच्या आत सुट्टी लागली. फीचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून ट्रंक घेऊनच घरी गेलो. वडिलांबरोबर खुरपायला जाऊ लागलो. त्यांनी माझ्यासाठी जुनं खुरपं घासून ठेवलं होतं.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकलो आणि ती फार मोठी नाही. कुणाकडे काही मागताना ते कशाला हवं आहे, ते आधी सांगावं. नाहीतर माणसं आपल्याला त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं देतात आणि आपलं काम बुडतं.

सोनईच्या बाजाराच्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब नगरहून आले आणि सायकल हातात धरूनच आमच्या दारात उभे राहिले.

“शांतवन, तुझ्या सरांचा निरोप आहे. ग्रँटचा दुसरा अर्धा भागही मंजूर.”

“आणि मदतनीस?”

“तेच सांगतोय. तुझे सर कमिटीला म्हणाले, सगळ्या विहिरींवर जाणारा मुलगा मिळेल, पण ज्याला त्या घराने चूक मोकळेपणी सांगितली असा हा एकच आहे. मुलगा बदलायचा असेल तर ग्रँट परत घ्या. मग वकीलसाहेबांनीच त्यांचा मुद्दा सोडला. अहवालात नमुने घेणाऱ्यांत तुझं नाव आहे आणि त्या बाईंचंही.”

 वडील खुरपं पुसत पुढे आले.

“सायेब, ग्रँटचं मला कळत न्हाई. पोरगं ऱ्हातंय का कालेजात?”

“राहतंय,” पाळकसाहेब म्हणाले. “सोमवारी बाटल्या धुवायला बोलावलंय.”