राळ्याच्या शेतावरून समुद्राला

लुमाव पहाटे तीनला उठायचा. वाट लांब होती म्हणून नव्हे, तर घरातलं कोणी शिंकायच्या आत अंगणाबाहेर पडायचं म्हणून. डोंगरातल्या मायुआन गावात आम्हा बुनुन जमातीच्या लोकांत निघताना शिंक आली की पाऊल मागे घेतात. मग त्या दिवशी डोंगर नाही, आणि मजुरीही नाही. त्यामुळे लुमाव चुलीला हात लावत नसे. थंडगार रताळी खिशात टाकायची, ओझ्याचा पट्टा खांद्यावर घ्यायचा आणि दार न वाजवता सटकायचं.

त्याची बायको लिसिन समुद्रकाठची, आमिस जमातीची. उठली की ती आधी तेलात मिरच्या सोडायची, आणि घरभर ठसका.

"तुझ्या माहेरी निघताना शिंक आली की काय करतात गं?" लुमावने एकदा विचारलं.

"नाक पुसतात."

लुमावची आई आबुस हे ऐकून तीन दिवस सुनेशी धड बोलली नव्हती.

लुमाव शहरातल्या गिर्यारोहकांचं ओझं वाहायचा. तांदूळ, गॅसची टाकी, तंबू, भांडी. जड सामान वर आणि पाठीला चिकटून, अंडी तांदळात, पट्टा कपाळावर. पहिली चढण सावकाश. वाटेत तो कधी बसत नसे. दगडाला ओझं टेकवून उभ्यानेच दम घ्यायचा. बसलं की उठावं लागतं, आणि ओझ्यासकट उठणं चढणीहून वाईट. बरोबरचा कोणी मजूर बसलाच तर लुमाव त्याच्यासाठी थांबत नसे, पुढच्या वळणावर मात्र त्याचं अर्धं ओझं मागून घेई.

तैपेईची मंडळी हौशी. एका बाईंनी कॉफी दळायचं यंत्र आणलं होतं, तेही लुमावच्याच पाठीवर. अंधार पडताना सांबरं तंबूपाशी आली आणि जमीन चाटू लागली. बाई हरखून गेल्या.

"इतकी जवळ कशी हो येतात?"

"मिठासाठी, बाई."

"मीठ कोणी टाकलं?"

"सगळ्यांनीच. सकाळी तुम्हीसुद्धा त्या झुडपामागे गेला होतात ना?"

बाईंनी आधी तोंडावर हात घेतला, मग इतक्या हसल्या की सांबरं पळाली.

मजुरी मिळायची हुआलियन शहरात, स्टेशनामागच्या ठेकेदाराकडे. डोंगरातून उतरलेल्या माणसाला शहर अंगावर येतं. दिव्यांच्या माळा, भाजलेल्या कणसांचा धूर, देवळापुढे नाटकातल्या राजाचं रडगाणं. लुमाव उभ्यानेच ते नाटक थोडं बघे, कोपऱ्यावर मांस भरलेल्या पातळ पाऱ्यांचं गरम सूप पिई आणि शेवटच्या गाडीने घरी येई. चैन एवढीच. उरलेलं घराला, आणि त्यातला एक वाटा बोटीसाठी.

बोटीचा विषय लिसिनने काढला होता. सासू तिच्या माहेरी एकदाही आली नव्हती. समुद्र काठच्या डोंगररांगेच्या पलीकडे, बसने दोन-तीन तासांची वाट. पण दोनदा निघाले आणि दोनदा शेजारचं कोणीतरी शिंकलं. माहेरची माणसं म्हणायला लागली, म्हातारी आपल्याला कमी लेखते. लिसिनचा भाऊ काचाव श्तीच्या बंदरातून बोट चालवायचा, लोकांना देवमासे दाखवायचा. बोट त्याची नव्हे, मालकाची, म्हणून फुकट नाही. दोन्ही घरची माणसं एकत्र बसवायची म्हणून लुमावने अर्ध्या दिवसासाठी अख्खी बोट ठरवली आणि पैसे आधीच भरले. दिवस पक्का. बदलता येणार नव्हता.

त्या सकाळी लिसिनने चूल पेटवलीच नाही. शिदोरी आदल्या संध्याकाळीच बांधली होती. आबुस नवा काळा झगा घालून, डोक्याला फडकं बांधून उंबऱ्यावर आली. लिसिनच्या भावासाठी तिने स्वतः मिरच्या वाळवल्या होत्या. त्या नीट वाळल्यात ना, म्हणून तिने पुडक्यात नाक घातलं.

आणि शिंकली.

लिसिनने हातातली पिशवी खाली ठेवली. तिचा चेहरा बघवेना. लुमावला गेल्या तीन मोसमांतली एकेक चढण खांद्यात जाणवली. मिरचीची शिंक धरत नाहीत अशी थाप मारून आईला न्यावं हे मनात येऊन गेलं, पण तो ते करणार नव्हता. केलं असतं तर पुढच्या वेळी त्याचाच डोंगरात पाय उचलला नसता.

आबुस उंबऱ्यावर बसली. तिने पुडकं पुन्हा घट्ट बांधलं.

"राळ्यात तण फार झालंय," ती म्हणाली.

"आज?" लिसिन म्हणाली.

"शेतावर जायला शिंक आडवी येत नाही. रोजचंच आहे ते. खुरपी घ्या."

लुमावने रस्त्याकडे पाहिलं. शेत बसच्या रस्त्याला लागून होतं.

"आणि आई, शेतावरून पुढे?"

"शेतावरून निघताना कोणी शिंकलं तर घरी यायचं. नाही शिंकलं तर नाही शिंकलं. पण खुरपायचं खरं. नुसतं उभं राहून देवाला बनवायचं नाही."

तिघंही नव्या कपड्यांत खुरपायला बसली. लिसिनने दोन तणं उपटून मान वर केली.

"झालं का हो आई?"

"ही काय ओळ झाली? मुळं तशीच आहेत. समुद्रकाठी गवत वरवर कापतात वाटतं?"

"समुद्रकाठी गवत नसतं. मासे असतात, ते आपले आपण येतात."

"म्हणूनच तुम्ही आळशी," आबुस म्हणाली, आणि लिसिन हसायला लागली. म्हातारीने दोन पूर्ण ओळी करून घेतल्या, लुमावची एक पुन्हा करायला लावली, मग हात झटकून उभी राहिली. तिघांनी श्वास रोखून रस्ता गाठला. बस आली.

बंदरावर काचाव कमरेवर हात ठेवून उभा.

"दाजी, ऊन डोक्यावर आलं की. काय करत होतात?"

"खुरपत होतो."

काचावने त्यांच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला. "या मावशी, हात द्या," एवढंच म्हणाला. आबुसने हात दिला नाही, मिरच्या दिल्या. बोटीवर लिसिनचे आईवडील, बहिणी, भाचरं अशी सगळी दाटीवाटीने बसली होती. म्हाताऱ्या व्याह्याने तिच्यासाठी सावलीतली जागा धरून ठेवली होती.

थोड्या वेळाने डॉल्फिन आले. पोरं एका बाजूला धावली, बोट कलली. आबुसने एकवार तिकडे पाहिलं, "चांगले आहेत" म्हणाली आणि पुन्हा किनाऱ्याकडे वळली.

"तू जातोस तो डोंगर कुठला?" तिने लुमावला विचारलं.

"तो इथून दिसत नाही, आई. हा काठचा डोंगर आडवा येतोय. तो ह्याच्या मागे."

"तुझा बाप सांगायचा, वर पोचलं की समुद्र दिसतो. मी म्हणायची, थापा मारतो. मी आयुष्यभर पायथ्याशी. मला डोंगराच्या पहिल्या सोंडेपलीकडे काही दिसलंच नाही."

लुमाव काचावकडे गेला. "बोट आणखी आत घे."

"ठरलंय तेवढं आलो, दाजी. मालक डिझेल मोजतो."

लुमावने सदऱ्याच्या खिशातून परवाच्या फेरीची मजुरी काढली, ठेकेदाराचं पाकीट उघडलंही नव्हतं, आणि सुकाणूच्या चाकाशेजारी ठेवली.

काचावने बोटीचं तोंड खोल समुद्राकडे फिरवलं. काठचा डोंगर हळूहळू बसका होत गेला, आणि त्याच्या डोक्यावरून निळी रांग वर आली. मग तिच्यामागून आणखी एक. आबुस कठड्याला धरून उभी राहिली.

"सगळ्यात वरचा?"

"त्याच्या डाव्या खांद्यावर आमचा तळ."

"एवढ्या वर गॅसची टाकी नेतोस?"

"दोन नेतो."

"वेडा आहेस," आबुस म्हणाली, आणि काचावला हाक मारून, पैसे संपेपर्यंत आत जात राहा म्हणून सांगितलं.