फ्लॉपीचं विसर्जन

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा आठवीत सुटली, शब्दही साधेच आहेत. पण वडगावच्या पुढं आमच्या गावात माझा एसटीडी बूथ होता, आणि बूथवाल्याकडं किस्से साठतातच. बाहेरच्या बाकड्यावर आबा आणि बाकीचे पंच बसायचे, काचेच्या आत मी. सगळं ऐकू यायचं.

आबांच्या पुतण्यानं, संजयनं, बारामतीत कॉम्प्युटर क्लास काढला, इंटरनेटसकट. उद्घाटनाला आबांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी थेट कीबोर्डवर शिंपडलं. आठ दिवस क्लास बंद!

त्या क्लासला आमच्या बालवाडीच्या सुनंदाबाई जायच्या. वय पंचवीस, लग्न ठरत आलेलं. फॉर्मवरचा त्यांचा फोटो संजयनं स्कॅन केला, भलत्याच बाईच्या उघड्या अंगाला जोडला आणि त्यांना ईमेलवर पाठवला. सोबत लिहिलं, इंदापूरच्या लॉजवर एकटी ये, नाहीतर हा होणाऱ्या सासरी जाईल.

बाई बूथवर आल्या. पोलिसांचा नंबर तीनदा फिरवला. तिन्ही वेळा पलीकडून ‘हॅलो’ आलं की फोन ठेवला. मग आबांकडं गेल्या.

आबांचं म्हणणं, ठाण्यात गेलं की पोरीचंच नाव जातं, गावातच मिटवू. पंचांनी शिक्षा ठरवली. संजयनं वर्षभर देऊळ आणि बालवाडीचं अंगण झाडायचं, आणि ती फोटोची फ्लॉपी नरसिंहपूरच्या संगमात सोडायची.

जीप भरून गेलो. फुलांसकट पिशवीत बांधलेली फ्लॉपी काही बुडेना. शेवटी आबांनी ती काठीनं खाली दाबली.

क्लासमध्ये मी मशीन चालताना बघितलं होतं. भीतभीत म्हणालो, "आबा, मशीनमधी कॉपी ऱ्हाती."

"मग मशीनला बी आंघूळ घालू का?"

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून बाई बालवाडीत यायच्या तेव्हा फाटकात खराटा घेऊन संजय उभा. "या बाई," असं मोठ्यानं म्हणायचा आणि मग हळूच, "अजून हाय बरं का." हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. शेजारच्या बायका त्याला चहा द्यायच्या, पोरगं सुधारलं म्हणायच्या. बाईंनी लग्न स्वतःच मोडलं. त्यांच्या मागण्याच लई असतील, असं बाकड्यावर ठरलं.

वर्ष भरलं. देवळापुढं संजयचा सत्कार ठेवला. शाल आबांनी घातली. नारळ कुणाच्या हस्ते द्यायचा? आबांनाच सुचलं, बालवाडीच्या बाईंच्या!

बाई आल्या. नारळ हातात घेतला, पण दिला नाही.

"आबा, ह्याची शिक्षा एक वरसाची व्हती. संपली. माजी किती वरसाची हाय, तेवढं सांगा."

बाईंनी नारळ पायरीवर ठेवला. माझ्यासमोरून जाताना थांबल्या.

"तुला ठावं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूथ उघडला. बाकडं आत ओढलं, दार लावून घेतलं आणि पोलिसांचा तो नंबर फिरवला. पलीकडून विचारलं, कोण बोलतंय. मी माझं नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं.

"वर्षभर काय करत होतास?"

मी फोन ठेवला नाही.